पायाखालची जमीन कोठून येते, कोठे जाते?



आपल्यापैकी ज्यांना हज किंवा उमऱ्याचे भाग्य लाभले आहे, त्यांनी जिद्दा शहराच्या पश्चिमेला पसरलेला तांबडा समुद्र पाहिला असेल. त्या घडीला ओठांवर ‘लब्बैक’ असते आणि मन मक्केकडे लागलेले असते. समोरच्या पाण्याखाली काय चालले आहे, हा विचार तेव्हा मनात येत नाही आणि येण्याचे कारणही नाही. परंतु घरी परतल्यावर, निवांतपणी, मुलाबाळांना जवळ बसवून सांगावी अशी ती गोष्ट आहे. त्या समुद्राच्या तळाशी, मधोमध, आजही नवी जमीन जन्माला येत आहे. आणि तेथून पूर्वेला सुमारे अडीच हजार किलोमीटरवर, इराण व पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यालगत, जुनी जमीन पृथ्वीच्या पोटात परत जात आहे. या दोन्ही घटना एकाच भूपट्टाच्या दोन कडांवर घडतात. त्या भूपट्टाच्या पाठीवर मक्का आहे, मदीना आहे आणि आपल्या कोकणातील कित्येक घरांची रोजीरोटी ज्यांवर चालते ती आखाती शहरेही आहेत.

पायाखालची जमीन स्थिर आहे, हे गृहीत धरूनच आपण जगतो. ती हलली की घाबरतो, आणि हलण्याचे कारण ठाऊक नसले की नाही नाही ते तर्क करतो. म्हणून या लेखात आपण जमिनीचा जन्म, तिचा अस्त आणि त्या दोहोंमधून आपल्यावर येणारी जबाबदारी यांचा क्रमाने विचार करू.

पृथ्वीचे कवच

पृथ्वीच्या सर्वांत बाहेरच्या थराला भूकवच म्हणतात. समुद्रतळाखाली ते अवघे सहा-सात किलोमीटर जाडीचे असते. खंडांखाली त्याची जाडी साधारण ३० ते ४० किलोमीटर असून हिमालय आणि तिबेटखाली ती ७० किलोमीटरपर्यंत पोहोचते. कवचाच्या खाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण नावाचा थर आहे. प्रावरण म्हणजे उकळत्या द्रवाचा समुद्र, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. तो खडकच आहे आणि घनही आहे. मात्र अतिशय तापलेला असल्यामुळे लाखो वर्षांच्या कालावधीत तो अत्यंत मंद गतीने वाहतो.

भूकवच आणि त्याला चिकटलेला प्रावरणाचा वरचा कठीण भाग मिळून साधारण १०० किलोमीटर जाडीचे तुकडे बनतात. त्यांनाच भूपट्ट म्हणतात. पृथ्वीचा संपूर्ण पृष्ठभाग अशा मोठ्या व लहान भूपट्टांनी व्यापलेला आहे आणि प्रत्येक पट्ट वर्षाला काही सेंटीमीटर सरकत असतो. दोन पट्टांच्या सीमेवर तीन गोष्टी घडू शकतात : ते एकमेकांपासून दूर जातात, एकमेकांवर येतात किंवा एकमेकांना घासत बाजूने सरकतात. अरबी भूपट्टाच्या कडांवर या तिन्ही गोष्टी घडतात. एकाच पट्टावरून सारा पाठ शिकता यावा, असे हे उदाहरण आहे.

जन्म : तांबड्या समुद्राच्या तळाशी

सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी अरबस्तान आणि आफ्रिका ही एकच सलग भूमी होती. पुढे तिला तडा जाऊ लागला. जमीन ताणली गेली, पातळ झाली, खचली आणि त्या खोलगट भागात समुद्राचे पाणी शिरले. आज हा समुद्र दोन हजार किलोमीटरहून अधिक लांब आहे आणि अरबी पट्ट आफ्रिकेपासून वर्षाला सुमारे एक ते दीड सेंटीमीटर दूर जात आहे. आपल्या हाताची नखेसुद्धा याहून अधिक वेगाने वाढतात. पण अल्लाहच्या सृष्टीत मंद गती म्हणजे क्षुल्लक गती नव्हे. मक्केतील छळाला कंटाळून सहाबांची (रजि.) पहिली तुकडी ज्या समुद्रावरून हबशा देशी गेली, तो समुद्र त्या दिवसापासून आजवर साधारण २० मीटरने रुंदावला आहे.

पट्ट दूर जातात तेव्हा मधली जागा रिकामी राहत नाही. खालचे तप्त प्रावरण वर येऊ लागते. आता एक प्रश्न उभा राहतो : खोलवर घन असलेला हा खडक वर आल्यावर वितळतो कसा? वर येताना त्याला जास्त उष्णता मिळते असे नाही. त्याच्यावरचा दाब कमी होतो, हे खरे कारण आहे. खोलवर प्रचंड दाबामुळे खडक घन राहिलेला असतो. तो दाब हलका झाला की त्याचा काही अंश वितळतो आणि शिलारस तयार होतो. हा शिलारस भेगांतून वर चढतो, समुद्राच्या थंड पाण्याला भिडताच गोठतो आणि बेसाल्ट नावाचा काळा खडक बनतो. महाराष्ट्रातील वाचकाला हा खडक नवा नाही. सह्याद्रीचे कडे त्याचेच आहेत आणि घराघरांतील पाटा-वरवंटा व जाते त्याचेच घडवलेले असत. आपला बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेल्या लाव्ह्याचा आहे, तर समुद्रतळाचा बेसाल्ट पाण्याखाली जन्मलेला आहे. पण दोघांची जात एकच.

कधी कधी हा जन्म पाण्याबाहेरही दिसतो. तांबड्या समुद्राच्या दक्षिण भागात, येमेनच्या झुबैर द्वीपसमूहात, डिसेंबर २०११ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये समुद्रातून दोन नवी बेटे वर आली. आदल्या वर्षीच्या नकाशावर जेथे केवळ पाणी होते, तेथे जमीन उभी राहिली.

जगातील सर्व महासागरांच्या तळाशी अशा उगमरेषा आहेत आणि त्यांची एकूण लांबी सुमारे ६५,००० किलोमीटर भरते. त्यांच्यावर दरवर्षी साधारण तीन चौरस किलोमीटर नवे कवच तयार होते. याचा ठोस पुरावा आपल्या अरबी समुद्राच्या बाजूनेच मिळाला. भारत आणि आफ्रिका यांच्या दरम्यान समुद्रतळावर कार्ल्सबर्ग नावाची पर्वतरांग आहे. १९६२ मध्ये तिच्यावरून एका जहाजाने चुंबकीय मोजणी केली. बेसाल्ट गोठताना त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेची खूण आपल्यात साठवतो, आणि ती दिशा भूतकाळात अनेकदा उलटलेली आहे. जर रांगेच्या मधोमध नवी जमीन तयार होऊन दोन्हीकडे सरकत असेल, तर सुलट आणि उलट खुणांचे पट्टे दोन्ही बाजूंना सारखेच उमटले पाहिजेत. फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज या दोन शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये हा विचार त्या मोजणीच्या आधारे मांडला, आणि पुढील काही वर्षांत इतर महासागरांनीही तो खरा ठरवला.

मदीनेजवळची आग

मदीना मुनव्वरा येथे गेलेल्यांनी शहराच्या पूर्वेला व पश्चिमेला काळ्या दगडांची ओबडधोबड मैदाने पाहिली असतील. अरबीत त्यांना ‘हर्रा’ म्हणतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेची पवित्र हद्द सांगताना याच दोन काळ्या पट्ट्यांचा उल्लेख केल्याचे हदीसमध्ये आले आहे. ते दगड म्हणजे गोठलेला लाव्हा आहे. ही मैदाने भूपट्टाच्या नेमक्या सीमेवर नाहीत. परंतु तांबडा समुद्र उघडू लागल्यापासून पश्चिम अरबस्तानाखालील तप्त प्रावरण वर येत राहिले आणि त्यातूनच ती घडली.

हिजरी ६५४, म्हणजे इसवी सन १२५६ मध्ये मदीनेत प्रथम काही दिवस भूकंपाचे धक्के बसले. मग शहराच्या आग्नेयेस जमीन फाटून लाव्हा वाहू लागला. हा उद्रेक सुमारे ५२ दिवस चालला. लाव्ह्याचा प्रवाह वीस किलोमीटरहून अधिक अंतर वाहत गेला आणि शहरापर्यंत पोहोचण्यापूर्वी थांबला. दमिश्कचे इतिहासकार अबू शामा यांनी मदीनेहून आलेल्या पत्रांच्या आधारे हा वृत्तांत नोंदवून ठेवला. त्या काळचे लोक भयभीत झाले, मशिदीत जमले, तौबा केली. आणि त्याच वेळी त्यांनी काय दिसले, किती दिवस दिसले, हे लिहूनही ठेवले. भय, प्रार्थना आणि काटेकोर नोंद ही तिन्ही त्यांच्या ठायी एकत्र नांदली, हे आपण ध्यानात घ्यावे. पुढे इमाम जलालुद्दीन सुयूती यांनी तर भूकंपांच्या नोंदींचा स्वतंत्र ग्रंथच रचला.

२००९ मध्ये याच प्रदेशाच्या उत्तरेकडील हर्रत लुनैयिर भागात हजारो लहान धक्के बसले आणि जमिनीला आठ किलोमीटर लांबीची भेग पडली. शिलारस वर येत असल्याचे ओळखून सौदी शासनाने तीस हजारांहून अधिक लोकांना वेळीच दुसरीकडे हलवले. शिलारस पृष्ठभागापर्यंत आला नाही आणि लोक पुढे आपापल्या घरी परतले. १२५६ आणि २००९ यांच्या दरम्यान जमीन बदललेली नव्हती. माणसाचे ज्ञान वाढले होते.

परतीची वाट : मकरानचा किनारा

दरवर्षी नवी जमीन तयार होत असेल, तर पृथ्वी फुगत का नाही? कारण जेवढी जमीन तयार होते, जवळपास तेवढीच परत जाते. समुद्रतळाचे कवच उगमरेषेपासून दूर जात असता थंड होते. थंड झाले की घट्ट आणि जड होते. शेवटी दुसऱ्या पट्टाशी गाठ पडली, की ते वाकून त्याच्याखाली शिरते. खोल गेल्यावर दाबामुळे बेसाल्टचे रूपांतर आणखी जड खडकात होते आणि ते स्वतःच्या भाराने आपल्यामागचा पट्ट खाली ओढत नेते. टेबलावरून चादरीचे एक टोक खाली लोंबले, की उरलेली चादरही सरकू लागते, तसेच हे आहे. पट्टांना चालवणाऱ्या शक्तींमध्ये ही ओढ सर्वांत मोठी मानली जाते.

मकरानच्या किनाऱ्यालगत अरबी पट्टाचा समुद्रतळ वर्षाला सुमारे दोन ते चार सेंटीमीटर या गतीने आशियाखाली जात आहे. आज तांबड्या समुद्रात जन्मणारा दगड उद्या मकरानला पोहोचतो, असा मात्र याचा अर्थ नव्हे. मकरानखाली जाणारा तळ फार जुना आहे आणि तो आता अस्तित्वात नसलेल्या टेथिस नावाच्या महासागराच्या काळचा आहे. या दोन कडांच्या मध्ये अरबस्तानची भूमी आहे आणि खंडांचा खडक हलका असल्यामुळे तो सहजासहजी बुडत नाही. म्हणूनच खंडांवर चारशे कोटी वर्षांपूर्वीचे खडकही सापडतात. महासागरांचा तळ मात्र जवळपास कोठेही वीस कोटी वर्षांहून जुना नाही. जुना होता, तो परत गेला.

क्वचित एखादा तुकडा बुडण्याऐवजी जमिनीवर चढतो. मस्कतमध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या बांधवांना शहरामागे जे गडद तपकिरी, उघडेबोडके डोंगर दिसतात, ते असेच आहेत. सुमारे साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ आणि त्याखालील प्रावरणाचा खडक तेथे उघड्यावर पडला आहे. जगभरातील भूवैज्ञानिक तो पाहण्यासाठी ओमानला येतात. आपले बांधव रोज त्याच्या पायथ्याशी राहतात.

खाली गेलेले कवच व्यर्थ जात नाही. त्याच्याबरोबर खनिजांत अडकलेले समुद्राचे पाणीही खाली जाते. खोलवर ते पाणी सुटते, वरच्या तप्त खडकात शिरते आणि त्याचा वितळण्याचा बिंदू खाली आणते. त्यातून नवा शिलारस बनून ज्वालामुखींवाटे वर येतो. इराणच्या आग्नेय भागातील तफ्तान पर्वत असाच असून आजही तो वायू बाहेर टाकतो. याच मार्गाने युगानुयुगे खंडांचा हलका खडक तयार होत आला आहे, ज्यावर आपण शेती करतो आणि घरे बांधतो. समुद्रतळावर गाळाच्या रूपाने साचलेला कार्बनही याच चक्रातून पुन्हा हवेत येतो. हे चक्र थांबले असते, तर पृथ्वीचे तापमान दीर्घकाळ जीवनाला पोषक राहणे कठीण झाले असते. अंत आणि आरंभ येथे एकाच व्यवस्थेचे दोन भाग आहेत.

धक्का कोठून येतो?

पट्ट सरकतात, पण गुळगुळीतपणे नव्हे. त्यांच्या कडा एकमेकांत अडकतात. मागून रेटा सुरूच असतो, खडक वाकत राहतो आणि ताण साठतो. शेकडो वर्षांचा ताण काही सेकंदांत सुटतो, तोच भूकंप. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे मकरान किनाऱ्यावर ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. समुद्रतळ उचलला गेला, त्सुनामीच्या लाटा उठल्या आणि काही तासांत त्या मुंबईच्या किनाऱ्यावरही आल्या. येथेही काही माणसे वाहून गेली. मकरान आपल्यापासून दूर आहे, असे म्हणून मोकळे होता येत नाही, ते यासाठी. आज हैदराबाद येथील राष्ट्रीय त्सुनामी इशारा केंद्र या सीमेवर अहोरात्र लक्ष ठेवून असते.

अरबी पट्टाची उत्तरेकडील बाजू आठवा. ६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे तुर्कस्तान आणि सीरियात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे नऊ तासांनी ७.५ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला. तेथे अरबी पट्ट आणि अनातोलियाचा पट्ट एकमेकांना घासत सरकतात. पन्नास हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आपल्या मशिदींतून त्यांच्यासाठी दुआ झाली.

आपल्यासमोरचा प्रश्न

अशा वेळी घरातील एखादे मूल विचारते, “अब्बा, त्या लोकांनी काही पाप केले होते का?” या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नका. अमुक गावावर अमुक कारणाने कोप झाला, असे ठामपणे सांगण्याइतके गैबचे ज्ञान आपल्याला दिलेले नाही. उलट, पडलेल्या घराखाली सापडून मरण पावलेल्या मोमिनाला शहीदाचा दर्जा असल्याचे हदीसमध्ये स्पष्ट आले आहे. ज्यांना प्रेषितांनी (स.) हा मान दिला, त्यांना आपण गुन्हेगार ठरवावे काय? भूकंप आपल्याला कयामतीची आठवण करून देतो, हे खरे. पण ती आठवण स्वतःसाठी घ्यायची असते, दुसऱ्याचा न्याय करण्यासाठी नव्हे.

दुसरी सावधगिरी अशी, की प्रत्येक नव्या सिद्धान्ताला एखादी आयत जोडण्याचा मोह टाळावा. कुरआन पर्वतांकडे आणि जमिनीकडे पाहून चिंतन करण्याचे आवाहन करतो. त्या आवाहनाचा मान राखायचा, तर आधी नीट पाहिले पाहिजे. इब्न सीना यांनी पर्वतांच्या उत्पत्तीसाठी जमीन उचलली जाणे आणि पाण्याने झिजणे ही दोन कारणे मांडली. अल-बिरुनी यांनी नदीकाठचे गोल दगड तपासून उत्तर भारताची मैदाने गाळाने भरली असल्याचा निष्कर्ष काढला. त्यांनी पाहिले, मोजले आणि मग मत मांडले. सिद्धान्त उद्या सुधारला जाऊ शकतो. अल्लाहच्या वचनाला त्याच्या आधाराची गरज नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत निकडीची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. ते ठिकाण कोणत्याही पट्टाच्या सीमेवर नव्हते. भारतीय पट्ट उत्तरेला आशियाला भिडल्यामुळे त्याच्या अंतर्भागातही ताण साठतो. आठ ते दहा हजार माणसे गेली. त्यांतील बहुतेकांचा जीव घेतला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि धाब्याच्या जड छपरांनी. जमीन हलवणे आपल्या हाती नाही आणि ती थांबवणेही नाही. भिंत कशी बांधायची, हे मात्र आपल्या हाती आहे. आधी उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची शिकवण आपण मुलांना देतो. घराचे खांब, तुळया आणि भिंतींना चारही बाजूंनी जखडणारा सलग काँक्रीटचा पट्टा, हे आपल्या काळातले उंट बांधणे आहे.

मशिदी आणि मदरसे बांधणाऱ्या विश्वस्तांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. देणगीच्या पैशातून मिनार उंच होतो, आणि तळमजला मोकळा ठेवून वर मजल्यावर मजले चढवले जातात. अशी मोकळ्या तळमजल्याची इमारत भूकंपात सर्वांत धोक्याची ठरते. अभियंत्याचा सल्ला न घेता, भूकंपरोधक बांधणीचे नियम न पाळता वाचवलेला पैसा ही बचत नव्हे. त्या छताखाली सजदा करणाऱ्यांचे आणि पाठ शिकणाऱ्या मुलांचे प्राण ही विश्वस्तांकडे सोपवलेली अमानत आहे.

घरी चर्चा करण्यासाठी

१. खडकाला जास्त उष्णता न मिळताही तो वर येताना का वितळतो?

२. महासागराचा तळ खंडांहून इतका तरुण का आहे?

३. आपल्या घरात पलंगाशेजारी एखादे जड कपाट भिंतीला न जखडता उभे आहे काय? आपली मशीद किंवा मदरसा बांधताना अभियंत्याने तो तपासला होता काय? नसल्यास, येत्या जुम्याला विश्वस्तांना कोण विचारणार?